नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट: धनुष्य घेऊन टर्कीमागे निघण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या तोंडी ‘नॅशनल पार्कमधली शिकार’ हा शब्दप्रयोग मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी तो दुरुस्त करतो, कारण ही केवळ नावाची चूक नाही. तिचे मूळ मात्र समजण्यासारखे आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात राष्ट्रीय उद्यानातही शिकार बंद आणि राखीव वनातही बंद. त्यामुळे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसावर या दोहोंतला फरक शिकारीच्या अंगाने तपासण्याची वेळच आलेली नसते.

नॅशनल पार्क वाचकांच्या ओळखीचे असते. तेथे निसर्ग पाहायचा असतो आणि अमेरिकी संसदेने कायद्याने वेगळी मुभा दिली नसेल, तर शिकार करता येत नाही. नॅशनल फॉरेस्ट कृषी खात्याच्या वनसेवेकडे असते. तेथे लाकूडतोड, गुरेचराई आणि शिकार या मान्य गोष्टी आहेत. जमीन केंद्राची असली तरी शिकारीचा परवाना, हंगाम आणि हत्याराचे नियम राज्याचे असतात. म्हणूनच नॉर्थ कॅरोलायनाच्या नांताहाला फॉरेस्टसाठी काढलेला परवाना टेनेसीतील चेरोकी फॉरेस्टमध्ये चालत नाही.

खरी ठेच लागते ती या दोहोंच्या सीमेवर, आणि तीही बंदूकवाल्यापेक्षा धनुष्यवाल्याला अधिक. १९३४ साली स्थापन झालेले ग्रेट स्मोकी माउंटन्स पार्क याच दोन फॉरेस्टना लागून आहे. पहाटे रातथाऱ्यावरून, म्हणजे रात्री बसायच्या झाडावरून, नर टर्की या रानपक्ष्याची साद येते आणि अनोळखी डोंगरात आपण त्या सादेमागे डोंगराची सोंड उतरू लागतो. सीमेवर सगळीकडे कुंपण नसते. अलीकडची झाडी पलीकडच्या झाडीसारखीच दिसते. २०१०पासून पार्कमध्ये राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, अर्थात ती चालवता येत नाही. धनुष्याला ही सवलत लागू नाही. वापरायला सज्ज असलेले धनुष्य हातात घेऊन पार्कमध्ये शिरणे हाच नियमभंग आहे, मग बाण सुटलेला असो वा नसो. पार्कमधून मोटारीने जातानाही ते लगेच वापरता येणार नाही असे बांधून ठेवावे लागते. ‘मी कुठे काही मारले?’ हा बचाव येथे टिकत नाही.

धनुष्यवाल्याला ही ठेच अधिक लागण्याचे दुसरे कारण पक्ष्याच्या शरीरात आहे. छऱ्याच्या बंदुकीने डोक्या-मानेवर नेम धरतात आणि नेम बसला तर टर्की बहुधा जागीच पडते. बाण हृदय-फुप्फुसांच्या मोसंब्याएवढ्या जागेत बसावा लागतो. तो थोडा जरी सरकला तरी जखमी पक्षी पळतो किंवा उतारावरून उडून जातो आणि दाट पिसांत रक्त मुरल्यामुळे माग फारसा उरत नाही. तो पक्षी पार्कमध्ये जाऊन पडला, तर धनुष्य घेऊन त्याच्यामागे जाऊ नये. बाहेर थांबून पार्कच्या रेंजरशी संपर्क साधावा. म्हणून पार्कच्या सीमेपासून निदान अर्धा किलोमीटर फॉरेस्टच्या आत बसावे आणि वीस मीटरपलीकडे बाण सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. आदला दिवस धनुष्याविना, छापील नकाशा घेऊन केवळ सीमा पायाखाली घालण्यात घालवावा. दरीत सिग्नल नसताना कोऱ्या होणाऱ्या मोबाइल-नकाशावर विसंबणाऱ्या सोबत्याबरोबर मी शिकारीला जात नाही.

नकाशावर नॅशनल फॉरेस्ट दाखवणारा हिरवा रंगही नीट वाचावा लागतो. अमेरिकेच्या पूर्वेकडील बरीच नॅशनल फॉरेस्ट १९११च्या वीक्स कायद्याखाली खासगी मालकांकडून तुकड्या-तुकड्याने विकत घेतलेली आहेत. त्यामुळे बाह्यसीमेच्या आत आजही खासगी जमिनी आहेत. नॉर्थ कॅरोलायनात झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला, तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तेथे शिकार करता येत नाही.

नावावर विसंबू नये, याचे एक उदाहरण वेस्ट व्हर्जिनियात आहे. २०२०च्या अखेरीस न्यू रिव्हर गॉर्जला ‘नॅशनल पार्क अँड प्रिझर्व्ह’ असा दर्जा मिळाला. त्यातील पार्क या भागात शिकार बंद आहे आणि प्रिझर्व्ह या भागात ती चालते. दोन्ही भाग नॅशनल पार्क सर्व्हिसच्याच ताब्यात आहेत.