जड पाणी, जळकं इंधन आणि न जुळणारा हिशोब

छाणीकडून पुढे गेलं की खत कारखान्याच्या वसाहतीला लागून जड पाण्याचा कारखाना लागतो. बडोद्यातल्या मराठी घरांत त्याला नुसतं 'हेवी वॉटर' म्हणतात. खताच्या अमोनियासाठी लागणाऱ्या वायूतलं जड हायड्रोजन वेगळं काढायचं आणि त्याचं जड पाणी करून अणुभट्ट्यांना द्यायचं, असं तिथलं मूळ काम. १९७७ च्या जुलैत तो सुरू झाला आणि वर्ष संपायच्या आत तिथे स्फोटही झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी वापरलेल्या अणुइंधनावरची व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत थांबवली होती. अणुभट्टीतून निघालेलं इंधन निववून तसंच पुरायचं, की त्यात तयार झालेलं प्लुटोनियम काढून पुन्हा इंधन म्हणून जाळायचं, हा वाद तेव्हापासून पेटला तो आजही चालू आहे.

पन्नाशीच्या दशकात हा वाद नव्हताच. युरेनियम दुर्मीळ, तेव्हा एक कणही वाया घालवायचा नाही, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. होमी भाभांचा १९५४ चा अणुविजेचा तीन टप्प्यांचा आराखडा याच गृहीतकावर उभा आहे. आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, मग प्लुटोनियम, शेवटी थोरियम. १९६४ मध्ये तुर्भ्याला प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना चालूही झाला.

पण जगात युरेनियम अंदाजापेक्षा जास्त सापडलं आणि भट्ट्या अंदाजापेक्षा कमी बांधल्या गेल्या. हार्वर्डच्या २००३ च्या एका अभ्यासाने आकडाच मांडला. पुनर्प्रक्रियेला जळक्या इंधनाच्या किलोमागे हजार डॉलर धरले, तर ती परवडायला युरेनियम किलोला ३६० डॉलरच्या आसपास जायला हवं. तेव्हाचा भाव त्याच्या कितीतरी खाली होता. गंमत अशी, की चारच वर्षांत, २००७ च्या जूनमध्ये, तो जवळजवळ तिथवर चढला. कोणी नवा कारखाना काढण्याआधी पुन्हा आपटलासुद्धा.

माझ्या मते भावावरची ही चर्चा मुळातच दुय्यम आहे. हिशोब बिघडतो तो बांधकामात आणि दिरंगाईत. जपानच्या रोक्काशो इथल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, १९९७ ला संपायचं होतं. तारीख पंचवीसहून जास्त वेळा पुढे गेली, खर्च अनेक पटींनी वाढला. मग पुरणं स्वस्त म्हणावं? अमेरिकेने त्यासाठी १९८३ पासून अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे एक दशांश सेंट गोळा केला, १९८७ मध्ये पुरायची जागा म्हणून नेवाडातला युक्का डोंगर ठरवला, आणि २०१४ मध्ये वसुली थांबवावी लागली तरी एकही सळई पुरलेली नव्हती. जी वस्तू अजून कोणी बांधलीच नाही तिचा दर कोष्टकात ठामपणे लिहिलेला असतो, याची मला नेहमी मौज वाटते.

आपल्याकडे गुंता आणखी एक. गुजरातमधल्या काकरापारसारख्या जड पाण्याच्या भट्टीत इंधन लवकर बदलावं लागतं, त्यामुळे तितक्याच विजेमागे जळकं इंधन कितीतरी जास्त निघतं, आणि त्याच्या किलोत प्लुटोनियम जेमतेम चार ग्रॅम.

ते प्लुटोनियम काढायला लागतं ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं रसायन, आणि हे रसायन पुढे आपल्याच बडोद्याच्या जड पाण्याच्या कारखान्यात बनू लागलं. हा बिनरंगाचा तेलकट द्रव रॉकेलच्या जातीच्या तेलात तीसेक टक्के मिसळतात आणि नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या इंधनाबरोबर घुसळतात. युरेनियम आणि प्लुटोनियम वरच्या तेलात चढतं, बाकीची घाण खालच्या आम्लात राहते. ताकावर लोणी यावं तसं.

हे लोणी तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या, प्लुटोनियमवर चालणाऱ्या ५०० मेगावॉटच्या भट्टीसाठी. तिचं काम २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा मंजूर खर्च होता ३,४९२ कोटी. तो दुपटीच्या वर गेला, आणि भट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली ती २०२४ च्या मार्चमध्ये. त्या प्लुटोनियमला फुकटचा माल म्हणायचं, की पुनर्प्रक्रियेचा सगळा खर्च त्याच्यावर टाकायचा, यावर तिच्या विजेचा दर कागदावर तरी कितीही वरखाली करता येतो.