लिमिटेड की अम्ब्रेला: ब्रिटनमधल्या कॉन्ट्रॅक्टरपुढचा पेच कुठून आला

ब्रिटनमध्ये आयटीचं कॉन्ट्रॅक्ट शोधणाऱ्याला एजन्सीचा फोन आला की पहिल्या दोन मिनिटांत एक प्रश्न निघतो: काम ‘इनसाइड’ आहे की ‘आउटसाइड’, म्हणजे आयआर३५ नावाच्या करनियमाच्या आत की बाहेर? आउटसाइड असेल तर स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून बिल लावायचं. इनसाइड असेल तर बहुतेक वेळा एखाद्या अम्ब्रेला कंपनीच्या नोकरीत शिरून तिच्याकडून पगार घ्यायचा. नवे लोक याला हिशेबाचा प्रश्न समजून कॅल्क्युलेटर उघडून बसतात. मला मात्र हा सगळा इतिहास पाहून वाटतं की हिशेब नंतर येतो. कर थकला तर तो कोणाच्या गळ्यात पडणार हे कायदा ठरवतो, आणि ज्याच्या गळ्यात पडणार तोच कॉन्ट्रॅक्टरने कोणत्या रूपात यायचं ते ठरवतो.

सुरुवात १९७५ च्या वित्त कायद्यापासून करावी लागते. एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांचा कर एजन्सीनेच कापून भरावा, अशी तरतूद त्यात आली. पण माणूस स्वतःच्या कंपनीमार्फत आला, तर ती तरतूद लागू होत नव्हती. एजन्सींनी सरळ मार्ग धरला: काम हवं असेल तर कंपनी काढून या. म्हणजे लिमिटेड कंपनीची पद्धत कॉन्ट्रॅक्टरांनी कर वाचवायला शोधून काढली, हे अर्धंच खरं. एजन्सींनीही ती त्यांच्यावर लादली. १९९२ पासून एकाच भागधारकाची खासगी कंपनी काढता येऊ लागली आणि वाट आणखी सोपी झाली. थोडा पगार, उरलेला डिव्हिडंड, आणि डिव्हिडंडवर नॅशनल इन्शुरन्स (कमाईवर कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) नाही, हे गणित घरोघरी पाठ झालं.

९ मार्च १९९९ ला गॉर्डन ब्राऊन यांच्या अर्थसंकल्पासोबत करखात्याने पत्रकांचा गठ्ठा काढला. त्यातलं ३५ क्रमांकाचं पत्रक म्हणजे आयआर३५. शुक्रवारी नोकरी सोडायची आणि सोमवारी त्याच टेबलावर कंपनीच्या नावाने बसायचं, हा प्रकार सरकारला थांबवायचा होता. एप्रिल २००० पासून नियम लागू झाला: मधली कंपनी बाजूला काढल्यावर नातं मालक-नोकराचं दिसत असेल, तर कर नोकरासारखाच.

नातं ओळखायचं कसं? कायद्यात सरळ व्याख्या नाही. न्यायालयांचे जुने निकाल चाळावे लागतात, आणि त्यातला १९६८ चा रेडी मिक्स्ड काँक्रीटचा निकाल आजही प्रत्येक वादात निघतो. त्यातल्या ड्रायव्हरने लॉरी हप्त्याने घेतलेली, पण रंग कंपनीचा आणि अंगावर गणवेशही कंपनीचा. तरीही तो स्वतंत्र धंदेवाईक ठरला. लॉरी त्याची, ती चालती ठेवायची जबाबदारी त्याची, आणि स्वतःऐवजी दुसरा ड्रायव्हर पाठवायची मुभाही होती. आज लंडनच्या बँकेत डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या करारात ‘बदली माणूस पाठवण्याचा हक्क’ हे कलम असतं, त्याचं मूळ या लॉरीत आहे.

आयआर३५ ला विरोध झाला. कॉन्ट्रॅक्टरांची संघटना उभी राहिली आणि न्यायालयात गेली, पण २००१ मध्ये हरली. मात्र एक गोष्ट त्यांच्या हातात राहिली. आपण आत की बाहेर, हे कॉन्ट्रॅक्टर स्वतःच ठरवत होता, आणि चुकलं तर भुर्दंडही त्याच्याच कंपनीला.

भारतातून गेलेल्यांचा संबंध नेमका इथे येतो. जानेवारी २००२ मध्ये सुरू झालेल्या एचएसएमपी या उच्चकुशल स्थलांतरितांच्या व्हिसावर माणूस एका मालकाला बांधलेला नव्हता, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टिंग करता येत होतं. मालकाने स्पॉन्सर केलेल्या व्हिसावर स्वतःची कंपनी काढून असं काम करता येत नाही, म्हणून आपल्याकडचे अनेक जण कायमच्या वास्तव्याचा परवाना हातात पडेपर्यंत थांबतात.

अम्ब्रेला वाढली ती याच काळात. वर्षाअखेरीचा मानीव पगार (आयआर३५ च्या आत असलेल्या कामाची कमाई पगार मानून काढायचा आकडा) स्वतः काढायची कटकट ज्यांना नको होती, ते तिच्या आश्रयाला गेले. तेव्हा तिथे फायदाही होता. नोकरी अम्ब्रेलाची आणि क्लायंटचं ऑफिस तात्पुरती जागा, म्हणून प्रवास आणि जेवणखर्च करातून वजा होत असे. एप्रिल २०१६ मध्ये बहुतेकांसाठी ती सवलत गेली. त्याआधी २००७ मध्ये, अनेक कॉन्ट्रॅक्टरांना एकाच कंपनीचे भागधारक करून डिव्हिडंड वाटणाऱ्या मंडळींचा धंदाही नव्या कायद्याने बंद केला.

सर्वांत वाईट प्रकरण कर्जयोजनांचं. नाममात्र पगार आणि बाकी रक्कम कधीच फेडायची नसलेलं ‘कर्ज’ म्हणून, असं सांगून अम्ब्रेलासारख्या दिसणाऱ्या संस्थांनी हजारो लोकांना आत ओढलं. २०१९ च्या लोन चार्ज या खास कराने त्यांच्याकडून जुना कर एकदम मागितला. योजना विकणारे बहुतेक सुटले आणि सही करणारे अडकले. याचा मला आजही राग येतो.

मोठी उलथापालथ २०१७ ची. सरकारी क्षेत्रात आत-बाहेर ठरवायचं काम क्लायंटकडे गेलं आणि चूक झाली तर देणंही कॉन्ट्रॅक्टरवरून हललं. कोविडमुळे वर्षभर लांबून एप्रिल २०२१ मध्ये मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांनाही हाच नियम लागला. अनेक बँकांनी एकेका कामाची छाननी करण्याऐवजी लिमिटेड कंपनीमार्फत येणाऱ्यांना काम देणंच सरसकट बंद केलं. त्यांची भीती अनाठायी नव्हती. खुद्द सरकारच्या कामगार व निवृत्तिवेतन खात्याला चुकीच्या निर्णयांपोटी सुमारे ८.८ कोटी पौंड मोजावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे बदल रद्द करण्याची घोषणा केली, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती मागे घेतली.

आता अम्ब्रेलाची आठवड्याची एक पेस्लिप पाहू. समजा रेट दिवसाला ५०० पौंड, म्हणजे पाच दिवसांचे २,५००. अम्ब्रेलाने स्वतःचे २० ठेवले. उरलेल्या २,४८० मधून २०२५-२६ च्या दराने मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स सुमारे ३१० आणि ॲप्रेंटिसशिप लेव्ही (उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी मालकावरचा कर) ११ गेली. पेन्शन सोडून दिली तरी पगार २,१६० च्या आसपास येतो. सुट्टीचे पैसे त्यातच आहेत आणि स्वतःचा कर अजून कापायचाय. ‘मालकाचा कर माझ्याकडून का?’ असं दर नवा माणूस विचारतो. उत्तर असं, की एजन्सीने सांगितलेला आकडा पगाराचा नव्हताच. मालकाचा खर्च धरून तो अम्ब्रेलाला दिलेला दर होता. एप्रिल २०२० पासून हे सगळं मांडणारा माहितीचा कागद सही करण्याआधी देणं एजन्सीला बंधनकारक आहे. तो नीट वाचावा.

ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात पुढचा फेरा जाहीर झाला: एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलाने कर बुडवला तर जबाबदारी एजन्सीवर. म्हणजे ओझं १९७५ मध्ये होतं तिथेच परत. अशा वेळी एजन्सीच्या मान्य यादीत मोजक्याच अम्ब्रेला उरणार आणि कॉन्ट्रॅक्टरला त्यांतूनच एक घ्यावी लागणार, हे उघड आहे. छोट्या क्लायंटकडे काम करणाऱ्याला मात्र अजून २००० चाच नियम लागतो. तिथे लिमिटेड कंपनी चालते, आत की बाहेर हे तोच ठरवतो, आणि करखात्याची नोटीस आली तर तीही त्याच्याच कंपनीच्या पत्त्यावर येते.