चकतीशेजारी उमटलेला 'डी'

"पू तर कालच दिलाय, मग रिपोर्टला तीन दिवस कशाला ओ?" मंगळवार पेठेतल्या एका पैलवानाचे वडील प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन विचारत होते. पोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला.

पहिली रात्र जंतू वाढण्यातच जाते. सकाळी प्लेटवर सोनेरी ठिपके दिसले की संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे जखमेत पू करणाऱ्या 'स्टॅफ' जंतूवर. सशाचा रक्तरस त्याने साकळवला, की ओळख पक्की.

मग दुसरी रात्र. अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, चार मिलिमीटर थरावर जंतू अंगण सारवल्यासारखे सारखे पसरायचे आणि वर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध भोवती झिरपतं, आणि जिथवर ते पुरतं तिथवर काही उगवत नाही. ते मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं.

मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाची चकती मात्र आता कुणी ठेवत नाही. हे औषध १९५९ साली आलं, १९६१ साली त्याला न जुमानणारा स्टॅफ इंग्लंडमध्ये नोंदला गेला. औषध मागे पडलं, एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ ऑरियस) हे नाव उरलं. त्याऐवजी सेफॉक्सिटिनची चकती लावतात: वर्तुळ २२ मिलिमीटर किंवा जास्त तर ठीक, २१ किंवा कमी तर एमआरएसए. अशा जंतूकडे बहुधा मेक-ए जनुक असतं. त्यामुळे तो पेशीभित्ती बांधणारं वेगळंच प्रथिन बनवतो आणि पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांची पकड निसटते. इन्क्युबेटर ३५ अंशांच्या वर गेला तर हा गडी नजरेतून सुटू शकतो, म्हणून मे महिन्यात मी थर्मामीटर दोनदा बघतो.

स्टॅफसाठी व्हँकोमायसिन या औषधाला चकती चालत नाही. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. ते नळ्यांमध्ये पातळ करत करत तपासावं लागतं.

माझी आवडती मात्र डी टेस्ट. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या शेजारीशेजारी ठेवायच्या. काही स्टॅफ एकट्या क्लिंडामायसिनपुढे गरीब गाईसारखे वागतात. पण एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की त्यांचं झोपलेलं जनुक जागं होतं आणि रायबोसोमवर औषध बसायची जागाच बदलून टाकतं. मग क्लिंडामायसिनचं वर्तुळ त्या बाजूने चेपतं आणि इंग्रजी 'डी' उमटतो. दोन चकत्या लांब ठेवल्या असत्या तर रिपोर्टवर 'औषध चालतं' असं बिनदिक्कत लिहिलं गेलं असतं, आणि उपचार अर्ध्यावर फसू शकले असते.

तिसऱ्या सकाळी पैलवानाची प्लेट काढली. सेफॉक्सिटिनचं वर्तुळ १४ मिलिमीटर, आणि शेजारी डी अगदी स्पष्ट. क्लिंडामायसिनसमोर मी 'आर', म्हणजे 'रेझिस्टंट' (औषध चालत नाही), लिहिला आणि वडिलांना थांबवून आधी वॉर्डात फोन लावला.