जुन्या मोटारगाड्यांच्या विद्युत भागांचे व मीटरांचे पुनरुज्जीवन

डायनॅमो (वीज निर्माण करणारे यंत्र), सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), प्रज्वलन-व्यवस्था, वायरिंग, दिवे, हॉर्न आणि डॅशबोर्डावरील मीटर हे जुन्या मोटारगाडीचे भाग मूळ रचनेप्रमाणे पुन्हा चालते करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. पत्रा गंजला तर दिसतो आणि इंजिन झिजले तर आवाजावरून कळते; विद्युत व्यवस्थेतला दोष मात्र डॅशबोर्डामागे दडून राहतो आणि पन्नास-साठ वर्षांत वेगवेगळ्या हातांनी केलेल्या तात्पुरत्या जोडण्यांखाली आणखी झाकला जातो. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे नुकसान वयाने जितके केलेले असते त्याहून अधिक या मधल्या दुरुस्त्यांनी केलेले असते. त्यामुळे कामाची सुरुवात आधी कोणी काय बदलले हे शोधून त्याचा आराखडा कागदावर उतरवण्यापासून करावी लागते. नवा भाग आणण्याची घाई येथे महागात पडते.

येथे हे काम नागपूरच्या संदर्भात पाहू. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हे राजधानीचे शहर होते. सरकारी अधिकारी, मँगनीज खाणींचे मालक आणि कापसाचे व्यापारी यांच्यामुळे मोटारगाड्या येथे लवकर रुळल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांत हिंदुस्थान मोटर्सच्या लँडमास्टर व अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियरच्या फियाट ११०० या गाड्यांची भर पडली. अ‍ॅम्बॅसेडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आणि फियाट मूळची इटालियन, त्यामुळे दोन्ही देशी म्हणवल्या तरी त्यांची वायरिंगची शिस्त वेगवेगळी आहे. एकीचा अनुभव दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही.

सुरुवातीच्या मोटारींना आजच्या अर्थाने विद्युत व्यवस्था नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत फ्लायव्हीलवर बसवलेला मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारे यंत्र) चार थरथरत्या कॉइलना प्रवाह देई आणि इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि त्यानंतर बॅटरी, डायनॅमो व सेल्फ ही त्रयी हळूहळू सर्वत्र रूढ झाली. अमेरिकन गाड्या साधारणपणे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवर चालत, पुढे १२ व्होल्ट रूढ झाले. या फरकाचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. ३६ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, तर ६ व्होल्टवर ६ अँपिअर. म्हणजे ६ व्होल्टच्या गाडीला तेवढ्याच उजेडासाठी दुप्पट प्रवाह लागतो आणि वायरही त्या मानाने जाड लागते. बाजारात सहज मिळणारी १२ व्होल्टच्या गाडीची बॅटरी-केबल अशा गाडीला लावली, की सेल्फ रेंगाळत फिरतो आणि दोष विनाकारण सेल्फच्या माथी मारला जातो.

ध्रुवता हा गोंधळाचा दुसरा विषय. अनेक ब्रिटिश गाड्यांत १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. पुढे ऋण टोक अर्थ करण्याची, म्हणजे सांगाड्याला जोडण्याची, पद्धत सार्वत्रिक झाल्यावर बॅटरी बदलताना कोणीतरी सवयीने टोके उलटी जोडलेली सापडतात. सेल्फ अशा उलट जोडणीतही योग्य दिशेनेच फिरतो, कारण त्याच्या फील्ड कॉइल (स्थिर वेढे) आणि आर्मेचर (फिरता गाभा) या दोन्हींतला प्रवाह एकाच वेळी उलटतो. त्यामुळे गाडी सुरू होते आणि चूक लक्षात येत नाही. मात्र अँपमीटरचा काटा उलट्या बाजूला जातो, इग्निशन कॉइलमुळे प्लगच्या मधल्या टोकाला धन विद्युतभार मिळून ठिणगी पडायला अधिक दाब (व्होल्टेज) लागतो, आणि डायनॅमोची ध्रुवता बॅटरीशी जुळत नाही. ध्रुवता जाणूनबुजून बदलायची असल्यास अँपमीटर व कॉइल यांच्या वायरींची अदलाबदल करून, डायनॅमोच्या वायरी काढून त्याच्या फील्ड टर्मिनलला बॅटरीच्या जिवंत (सांगाड्याला न जोडलेल्या) टोकाचा क्षणभर स्पर्श द्यावा लागतो. त्याने फील्डच्या लोखंडात उरलेले चुंबकत्व नव्या दिशेने वळते.

वायरिंग : जुन्या वायरींवर रबराचे आवरण आणि त्यावर सुती विणीचे वेष्टन असे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. वर्षानुवर्षांच्या अशा उन्हाळ्यात हे रबर वाळून कडक होते आणि वाकवताच तडकते. मग पावसाळ्यातल्या दमट हवेने उघड्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो. बाहेरची सुती वीण धडधाकट दिसत असली, तरी आतली वायर विश्वासाची राहत नाही. त्यामुळे तुकड्या-तुकड्याने वायर बदलण्यापेक्षा जुनी वायरिंग अखंड उतरवून, फळीवर खिळ्यांनी पसरवून, तिच्या मापाने नवी बांधणे श्रेयस्कर ठरते. जुनी वायरिंग काम संपेपर्यंत फेकू नये. कोणती वायर कुठे फुटते याचा तोच एकमेव भरवशाचा पुरावा असतो. लुकास या ब्रिटिश विद्युत-सामान कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये बॅटरीकडून थेट येणारी वायर तपकिरी, इग्निशन चावीनंतरची पांढरी, तीच फ्यूजमधून गेल्यावर हिरवी, साइड लॅम्पची लाल, हेडलाइटची निळी आणि अर्थची काळी असते. आज आतून पीव्हीसी व बाहेरून सुती वीण असलेली वायर मिळते. ती लावली, तर दर्शनी रूप राहते आणि उष्णतेचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटतो. रंग चढवलेल्या नव्या सांगाड्यावर अर्थ नीट बसत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. चकचकीत रंग प्रत्येक अर्थच्या जागी थोडासा खरवडावा लागतो, आणि हौशी मालकाला ते जिवावर येते.

डायनॅमो : याची तपासणी गाडीवरच सुरू करता येते. लुकास पद्धतीच्या डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढून, त्याची दोन टर्मिनल एकमेकांना जोडून आणि व्होल्टमीटरचे एक टोक त्यांना व दुसरे सांगाड्याला लावून इंजिनाचा वेग सावकाश वाढवतात. दाब न थरथरता झपाट्याने चढला तर डायनॅमो ठीक आहे. तो २० व्होल्टपर्यंत मात्र जाऊ देऊ नये. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडला तर फील्ड कॉइलवर आणि चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचरच्या वाइंडिंगवर संशय घ्यावा. काटा हललाच नाही, तर आधी कार्बन (फिरत्या भागाला टेकणारे ब्रश) आणि त्यांच्या स्प्रिंगा पाहाव्यात.

उघडल्यावर कॉम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) सर्वांत बोलका असतो. तांब्याच्या पट्ट्यांवर तपकिरी, गुळगुळीत तकाकी असेल तर त्याला हात लावण्याची गरज नसते. पट्ट्या झिजून मधले अभ्रक वर आले असेल, तर कार्बन त्यावर उडी मारत ठिणग्या पाडतात. असा आर्मेचर लेथवर धरून अगदी हलका काप घेतात आणि नंतर पट्ट्यांमधले अभ्रक सुमारे ०.८ मिमी खोल कोरून काढतात. त्यासाठी हॅकसॉचे पाते घासून खाचेच्या रुंदीएवढे पातळ करतात. कडेला अभ्रकाची एखादी कपची राहिली तरी ती नवे कार्बन खाते, म्हणून खाच चौकोनी आणि तळापर्यंत साफ हवी. वाइंडिंगमधला शॉर्ट ग्राउलर या चुंबकीय तपासणी-यंत्रावर सापडतो. शॉर्ट झालेल्या खाचेवर धरलेले लोखंडी पाते थरथरू लागते.

आर्मेचर नव्याने गुंडाळण्याचे काम नागपुरात होते, याचे कारण जुन्या गाड्या नसून कूलर आहेत. घरोघरच्या कूलरच्या मोटारी आणि शेतीचे पंप यांच्यावर वाइंडिंग करणारे कारागीर शहरात टिकून राहिले, आणि तेच हात डायनॅमोच्या कामाला उपयोगी पडतात. अर्थात फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत त्यांना उसंत नसते. डायनॅमो दिवाळीनंतर द्यावा हे शहाणपणाचे. जुनी तार काढण्यापूर्वी तिची जाडी, प्रत्येक खाचेतील वेढे आणि कॉइल किती खाचा सोडून जाते याची नोंद कारागिराकडून करून घ्यावी. वाइंडिंगनंतर वार्निश देऊन ते भट्टीत नीट सुकवावे लागते. घाईत वरवर वाळवलेले वार्निश पहिल्याच लांबच्या फेरीत मऊ पडते आणि फिरत्या आर्मेचरवरून बाहेर फेकले जाते.

डायनॅमोसोबत कटआउट व रेग्युलेटरचा डबा असतो. इंजिन मंद असताना बॅटरीचा प्रवाह उलट डायनॅमोत जाऊ नये, हे कटआउटचे काम. लुकासच्या १२ व्होल्टच्या प्रचलित डब्यात त्याचे पॉइंट १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान मिटतात. पॉइंट साफ करून जुळणी केली, तर हे डबे दीर्घकाळ चालतात. डायनॅमोच्या कवचात अल्टरनेटर लपवून बसवण्याची सोय आता झाली आहे. महिन्यातून दोनदा सकाळी बाहेर निघणाऱ्या गाडीला तिची गरज फारशी नसते.

प्रज्वलन-व्यवस्थेत मॅग्नेटोचे नालाकृती चुंबक क्षीण होते व त्याला पुन्हा चुंबकत्व द्यावे लागते. त्याच्या कॉइलवरील जुन्या शेलॅकचे (लाखेचे) आवरण उष्णतेने पाघळते. नंतरच्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर बदलणे बहुधा पुरते.

मीटर : येथे बदलण्यापेक्षा दुरुस्तीला खरी किंमत आहे, कारण त्याच डायलचा, त्याच अक्षरांचा दुसरा मीटर सहसा मिळत नाही. पेट्रोलच्या काट्याचे दोन प्रकार आहेत आणि एकच दोष त्यांत नेमका उलटा दिसतो. दोन कॉइलच्या जुन्या ब्रिटिश मीटरात टाकीकडची वायर तुटली, तर काटा टाकी भरल्याचे दाखवतो आणि तीच वायर अर्थ झाली तर रिकामी दाखवतो. १९६० च्या दशकात आलेल्या, तापणाऱ्या द्विधातू पट्टीच्या मीटरात वायर तुटल्यास काटा रिकाम्यावर राहतो आणि अर्थ झाल्यास भरल्यावर जातो. या दुसऱ्या प्रकाराला सरासरी १० व्होल्ट देणारा स्थिरक लागतो; पेट्रोल व तापमान दोन्ही मीटर एकाच वेळी खोटे बोलू लागले, तर मीटर न उघडता आधी स्थिरक आणि त्याचा अर्थ पाहावा.

त्याआधीच्या गाड्यांतला पाण्याच्या तापमानाचा मीटर विद्युत नसतो. रेडिएटरच्या किंवा सिलिंडर हेडच्या पाण्यात बुडालेल्या लहान फुग्यात ईथर भरलेले असते. त्याच्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून मीटरातल्या वाकड्या नळीपर्यंत पोहोचतो आणि ती सरळ होऊ पाहताना काटा हलवते. इंजिन बाहेर काढताना ही नळी न सोडवता ओढली, की ती तुटते आणि मीटर कायमचा थंडावर बसतो. दुरुस्तीसाठी नव्या, साध्या मीटराचा फुगा व नळी घेऊन ती जुन्या डायलच्या यंत्रणेला पितळी बाहीत डाख देऊन जोडतात. ईथर सुमारे ३५ अंशांना उकळते; नागपूरच्या उन्हाळ्यात नळी कापताच ते उडून जाईल, म्हणून फुगा व नळीचा बहुतेक भाग बर्फ आणि मिठात दाबून ठेवूनच नळी कापतात आणि डाखही तसाच देतात. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने डाख देण्याचे हत्यार उघड्या ज्योतीचे नसावे आणि खोली हवेशीर असावी.

स्पीडोमीटरात फिरते चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला ओढते आणि केसस्प्रिंग तिला रोखते. काटा नाचत असेल तर दोष बहुधा मीटरात नसून कोरड्या पडलेल्या केबलमध्ये असतो. डायलवर बारीक अक्षरांत एका मैलाला केबलचे किती फेरे हा आकडा असतो. टायरचे माप बदलल्यावर वाचन चुकते, ते या आकड्याशी ताडून पाहावे. डायल मैलांतच ठेवावी. किलोमीटरची चिकटपट्टी हा अन्याय आहे.

काही जुन्या डायलींवरील अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम असे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षांचा आहे, तर त्याच्यामुळे चमकणारे झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होते. म्हणून चमक गेलेली डायल निर्धोक झाली असे समजू नये. असा रंग कधीही खरवडू किंवा घासू नये, कारण त्याची धूळ श्वासातून आत जाणे हाच मोठा धोका आहे.

दिवे : चांदीचा मुलामा दिलेले परावर्तक काळे पडतात. नागपुरातील इतवारीच्या सराफ बाजाराभोवती मुलाम्याचे काम चालते, मात्र दागिन्याला पुरणारी झिलई परावर्तकाला पुरत नाही, त्याचा मूळ पृष्ठ आधी आरशासारखा नितळ करावा लागतो. मॉरिस मायनरसारख्या गाडीत १९६१ पर्यंत असलेले, बाजूने वर उठणारे हाताचे इंडिकेटर चालते ठेवून साइड लॅम्पमध्येच लुकलुकणारे बल्ब बसवणे रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी योग्य ठरते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते, आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. वायरिंगचा त्यात वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांत नसलेले जादा फ्यूज आणि बॅटरी तोडणारा खटका डॅशबोर्डाखाली नजरेआड बसवायला आडकाठी राहत नाही, आणि दोन फ्यूजवर सारी गाडी सोडलेल्या काळातील वायरिंगला ही भर घालणे आवश्यक मानले पाहिजे.