थांबणारं मूल आणि शब्द पाळणारी माणसं

‘एक गोळी आत्ता खा, किंवा मी परत येईपर्यंत थांब, दोन मिळतील.’ स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांवरचा हा मार्शमेलो (मऊ, गोड गोळी) प्रयोग पालकांच्या ग्रुपवर अजून फिरत असतो. त्याखाली निष्कर्षही ठरलेला: संयम उपजतच असतो, थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं.

हे अर्धवट आहे. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध होता, पण मूळ दाव्याच्या जेमतेम निम्मा. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची समज हिशेबात धरल्यावर तोही बराच विरला.

त्याआधीचा, 2013 चा रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. 28 लहान मुलं. प्रयोग घेणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला आधी जुनेपुराणे खडू दिले आणि सांगितलं, थांब, चांगलं साहित्य आणते. निम्म्यांना ते खरंच मिळालं. उरलेल्यांसमोर बाई रिकाम्या हाताने परतल्या: ‘माफ कर, नाहीये आमच्याकडे.’ मग तोच मार्शमेलो. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसलेली 3. पूर्ण 15 मिनिटं थांबणारी पहिल्या गटात 14 पैकी 9, दुसऱ्यात फक्त 1.

शब्द मोडणारी व्यक्ती मुलांची आई नव्हती, परकी होती. म्हणजे ‘उद्या नक्की देतो’ म्हणून विसरणारे काका, शिक्षक, शेजारीही यात आलेच. आणि अशा घरात, अशा वस्तीत पटकन गोळी उचलणारं मूल बेशिस्त म्हणायचं की हुशार?