मनोऱ्यातून निघतो तो धूर नव्हे

अणुवीज केंद्राच्या त्या अवाढव्य, कमरेत बारीक मनोऱ्यातून किरणोत्सारी धूर सुटतो, असा मेसेज फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो बघून तसं वाटणं साहजिकच आहे. पण ती पाण्याची वाफ असते.

बहुतेक अणुभट्ट्यांत गाभ्यातलं पाणी बंद नळ्यांतच फिरतं. त्याची उष्णता नळीच्या भिंतीतून दुसऱ्या पाण्याला मिळते, त्याच्या वाफेवर टर्बाइन चालतं आणि ती वाफ थंड करणारं तिसरंच पाणी निवायला मनोऱ्यात जातं; वर दिसते ती याच पाण्याची वाफ. ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

पडताळायचं तर चंद्रपूर बघा. कोळशावरच्या तिथल्या वीज केंद्रातही असेच मनोरे आहेत (धूर जातो तो उंच, सडपातळ चिमणीतून). उलट तारापूरला अणुभट्ट्या आहेत, पण असे मनोरे नाहीत. तिथे थंड करायला थेट समुद्राचं पाणी वापरतात. शिवाय वाफेचा लोट कोरड्या दुपारी थोड्याच अंतरावर विरतो.