ज्युलियस सीझर काही सिझरनं जन्मला नव्हता

इकडं आपल्या गावाखेड्यात कोणाच्या सुनेचं सिझर झालं की एखादा शिकलेला सांगतेच, रोमचा ज्युलियस सीझर आईचं पोट फाडून जन्मला म्हणून ऑपरेशनला हे नाव. अहो, तो जन्मला इसवी सन पूर्व 100 च्या सुमारास, अन् त्याची आई ऑरेलिया गेली 54 मध्ये, म्हणजे पोरगं पंचेचाळिशीत पोचेपर्यंत माय जिवंत होती! त्या काळात रोममध्ये पोट फाडत ते मेलेल्या नाहीतर मरणाऱ्या बाईचंच, बाळ काढायला, जिवंत बाई त्यातून वाचणं जवळपास अशक्यच.

मग नाव कुठून? लॅटिनमध्ये 'केडेरे' म्हणजे कापणं, त्यावरून असावं. प्लिनी नावाचा जुना रोमन लेखक तर लिहून गेला की सीझर हे घराण्याचं नावच पोट कापून जन्मलेल्या पूर्वजावरून पडलं, पण तो पूर्वज, ज्युलियस नव्हे, इथंच सारा घोळ झाला.

याच 'केडेरे'चे इंग्रजीत लय शब्द आहेत. डिसाइड म्हणजे मुळात कापून टाकणं, वाद तोडणं. कापणं अन् मारणं दोन्ही अर्थ त्यात, म्हणून कपाशीवर फवारतो त्या पेस्टिसाइडमधलं 'साइड'ही तेच.